एक सीसीची तूट

आमच्या शेजारचे नाझरसाहेब रोज सकाळी आपल्या गाडीला खुलासा मागतात.

आंघोळ आणि चहा उरकला की ते अंगणात येतात, बॉनेट उघडतात, दोन्ही हात पाठीमागे बांधतात आणि इंजिनाकडे पाहत शांतपणे विचारतात, "काय म्हननं हाय तुमचं?" मग गाडी सुरू करून कान वाकडा करतात. उत्तर पटलं तर "ठीक हाय, नोंद घेतली," असं म्हणून बॉनेट बंद होतं. नाही पटलं तर "खुलासा असमाधानकारक. चौकशी लावा लागते." चौकशी म्हणजे हिंगोली रोडवरचे रफीक मिस्त्री.

सई आणि नीरज, तुम्ही दोघं फोनवर असताना मागे जी घरघर ऐकू येते आणि तुम्ही "आजी, मिक्सर लावलास का?" असं विचारता, तो मिक्सर नाही. तो हा खुलासा.

नाझरसाहेबांचं खरं नाव सुखदेवराव इंगळे. तहसील कचेरीत नाझर म्हणून त्यांची बरीच वर्षं गेली. कचेरीतल्या खुर्च्या, टेबलं, पंखे, कपाटं, सगळ्याचा हिशेब नाझराकडे असतो. कोणत्या खोलीतलं स्टूल कोणत्या खोलीत गेलं आणि का गेलं, हे त्याला ठाऊक असावं लागतं. निवृत्त झाल्यावर खुर्च्या सुटल्या, पण नजर सुटली नाही. लग्नाच्या मांडवात गेले तरी ते आधी खुर्च्या मोजतात आणि मग अक्षता घेतात.

निवृत्तीनंतर त्यांनी ही लाल गाडी आणली. टर्बो पेट्रोल, शंभराच्या आसपास हॉर्सपॉवरची. वाशीमच्या बाजारातून कोथिंबीर आणायला शंभर घोडे कशाला लागतात, असं गल्लीत कोणी विचारलं नाही, कारण गाडी कशासाठी घेतली ते सगळ्यांना माहीत होतं. नागपूरला जायचं होतं. तिथे त्यांची एकुलती एक मुलगी पल्लवी राहते, आणि तिच्या घरी नाझरसाहेबांनी अजून पाऊल ठेवलं नव्हतं.

ती गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

पल्लवी परीक्षा देऊन जिल्हा कचेरीत लिपिक म्हणून लागली, तेव्हा नाझरसाहेबांनी गल्लीत घरोघरी स्वतः पेढे वाटले होते. दोनेक वर्षांनी तिने राजीनामा दिला आणि नागपूरला जाऊन कुत्र्यांचं पार्लर काढलं. कुत्र्यांना आंघोळ घालायची, त्यांचे केस कापायचे, नखं काढायची. आपल्याकडे सरकारी नोकरी सोडणं म्हणजे लोकांच्या दृष्टीने साधारण घराला आग लावण्याइतकंच. त्यात कुत्र्याची कटिंग. नाझरसाहेबांनी ते कागदासारखं हातात घेतलं, वाचलं आणि आपला निर्णय दिला, "राजीनामा नामंजूर."

कचेरीने तो केव्हाच मंजूर केला होता. पण नाझरसाहेबांच्या कचेरीत नाही. पल्लवी काय करते, असं कोणी विचारलं तर ते पहिली दोन वर्षं "बिनपगारी रजेवर हाय" असं सांगत. पुढे रजा संपत आली असावी. मग म्हणू लागले, "प्रतिनियुक्तीवर हाय. नागपूरले. पशुसंवर्धनात." आणि खोटं म्हणाल तर ते खोटंही नव्हतं.

पल्लवीचा फोन आईला रोज येतो. आई म्हणजे लीलाबाई. त्या फोन स्पीकरवर ठेवतात, आणि नाझरसाहेब समोर पेपर धरून बसतात. फोन संपेपर्यंत पेपरचं पान उलटत नाही. इतकं असून बापलेकीचं बोलणं मात्र नाही.

तर अशी ही गाडी. पहिल्याच आठवड्यात ते गाडीबरोबर मिळालेलं इंग्रजी माहितीपुस्तक घेऊन माझ्याकडे आले. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे औषधाच्या बाटलीपासून पासपोर्टपर्यंत गल्लीतलं सगळं इंग्रजी माझ्याकडे येतं. आम्ही दोघांनी ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. पहिल्याच पानावर अडलो.

"ताई, इंजिन किती सीसी म्हंते?"

"नऊशे नव्याण्णव."

"हजार नाई?"

"नाही. नऊशे नव्याण्णव."

त्यांनी चष्मा काढला. "मंग एक सीसी कुठं गेला?"

मी म्हटलं, हजाराच्या आत इंजिन ठेवायची कंपन्यांची पद्धत असेल. पण नाझराच्या डोक्यात पद्धत बसत नाही, तूट बसते. ते शोरूममध्ये गेले आणि तिथल्या टाय लावलेल्या विक्रेत्याला त्यांनी तूट का आली असं विचारलं. विक्रेता म्हणाला, "काका, सगळ्याच गाड्यांना तसंच येतं." नाझरसाहेब घरी येऊन मला म्हणाले, "म्हंजे सरसकट हाय."

टर्बो म्हणजे काय, हे मी त्यांना पुस्तकातून वाचून दाखवलं. इंजिनातून जळून बाहेर पडणारा धूर जाता जाता एक छोटा पंखा फिरवतो. त्या पंख्याच्या दांड्यावर दुसरा पंखा असतो, तो बाहेरची ताजी हवा दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. नाझरसाहेब विचारात पडले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "समजलं. धूर सेवानिवृत्त झाला. पन गेटातून बाहेर जाता जाता त्याच्याकून अजून एक काम करून घेतलं." टर्बोचं इतकं सोपं स्पष्टीकरण मी इंग्रजीतही वाचलेलं नाही.

इंजिनाला सिलिंडर तीनच असल्याने गाडी जागेवर उभी असताना जरा थरथरते. त्यावर त्यांचं म्हणणं, "चार कारकुनाचं काम तिघं करून राह्यले. चौथं पद रिक्त हाय. हात थरथरतीलच." आणि टर्बोची जी जगप्रसिद्ध खोड, की पाय दाबल्यावर क्षणभर काही होत नाही आणि मग एकदम धक्का बसतो, तिला पुस्तकात 'लॅग' म्हटलं आहे. मी त्याचं 'विलंब' असं भाषांतर केलं. नाझरसाहेबांना फार बरं वाटलं. विलंब त्यांच्या घरचा.

तो विलंब मी आसेगावच्या रस्त्यावर स्वतः अनुभवला. तिथे एका साखरपुड्याला आम्ही गेलो होतो. पुढे कडब्याने भरलेला ट्रॅक्टर. नाझरसाहेबांनी समोरचा रस्ता मोकळा आहे हे तीनदा पाहिलं आणि पाय दाबला. गाडी ढिम्म. "कागद वर गेला हाय," ते म्हणाले. आम्ही ट्रॅक्टरच्या बाजूला आलो, कडबा खिडकीला घासू लागला. "साहेबाच्या टेबलावर हाय." मी डोळे मिटले. मग पाठीत कोणीतरी ढकलल्यासारखी गाडी सुटली आणि ते समाधानाने म्हणाले, "झाली सही."

मागे लीलाबाई म्हणाल्या, "सही झाली, पन माह्या मांडीवरचा डबा सांडला."

टर्बो हा शब्द ते दिवसातून इतक्यांदा उच्चारत, की आमच्या दूधवाल्याने तो आपल्या सोयीने ऐकला. लाल गाडी, वर हिरवट रंगाचं ताडपत्रीचं आवरण. एके दिवशी तो फाटकातून ओरडला, "साहेब, टरबूज कसं हाय आज?" आता सगळी गल्ली तिला टरबूज म्हणते. नाझरसाहेबांनी एकदा लेखी समज देण्याचा विचार केला होता, पण दूधवाल्याला वाचता येत नाही असं कळल्यावर प्रकरण मिटवलं.

आता मूळ मुद्द्यावर येते. दर महिन्या-दोन महिन्यांनी घोषणा व्हायची, "येत्या रविवारी नागपूर." लीलाबाई लगेच कामाला लागायच्या. अनारसे, मुगवड्या, तिखट पुऱ्या, बाटलीभर ठेचा. पल्लवीला कळवलं जायचं. आणि शनिवारी सकाळी गाडीचा खुलासा असमाधानकारक यायचा.

पहिल्यांदा शिट्टी आली. टर्बोतून दाबलेली हवा इंजिनाकडे नेणारा एक रबरी पाइप असतो, त्याची पकड सैल झाली की हवा निसटते आणि गाडी शिट्टी वाजवते. रफीक मिस्त्रींनी पेच आवळला, काम झालं. पण नाझरसाहेब म्हणाले, "एकदा गळती झाली म्हंजे पुन्हा होऊ शकते. निरीक्षणाखाली ठेवा लागते." नागपूर रद्द. अनारसे आम्ही खाल्ले.

पुढच्या खेपेला खडखड. टर्बोत एक छोटी झडप असते, दाब फार झाला तर ती उघडते. तिची दांडी थंड इंजिनात जराशी वाजते. मिस्त्री म्हणाले, ते चालायचंच. नाझरसाहेब म्हणाले, "चालायचंच, हेच तर मी कचेरीत तीस वर्षं ऐकलं." नागपूर रद्द. मुगवड्या आमच्याकडे.

नंतर पिवळा दिवा लागला. दिवा गेला तर तेलात पेट्रोलचा वास आला. तेल मोजायची पट्टी ते रोज बाहेर काढून हुंगत, मला हुंगायला लावत. एकदा शिरपूरहून देवदर्शन करून आलेले माझे पाहुणे अंगणात उभे होते. त्यांनाही हुंगायला लावली. पाहुण्यांना वाटलं प्रसाद आहे. एकाने तर हात पुढे केला.

लीलाबाई या सगळ्यावर फार बोलत नसत. एकदा मात्र पुऱ्यांचा डबा माझ्या ओट्यावर ठेवताना म्हणाल्या, "ताई, गाडी नाई बिघडून राह्यली. शनवार बिघडून राह्यला."

त्या एकट्या ट्रॅव्हल्सने जाऊन येत. पल्लवी दर वेळी विचारायची, "बाबा?" आणि त्या म्हणायच्या, "गाडी मिस्त्रीकडे हाय."

या उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा घोषणा झाली. या वेळी पल्लवीने आईला सांगितलं, "आता मले कळवू नका आई. आले तर आले. मी दोन-दोन दिवस पार्लर बंद ठेवते अन् वाट पाहत बसते. आता नाई बंद ठेवनार." फोन स्पीकरवर होता. पेपर समोर होता. लीलाबाई मला म्हणाल्या, पेपर उलटा होता.

शनिवारी सकाळी नाझरसाहेब गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेले, ते दुपारी परत आले. घरी न जाता थेट माझ्या ओसरीवर आले आणि दवाखान्यातून वाईट बातमी घेऊन आलेल्या माणसासारखे खुर्चीवर बसले.

"काय निघालं?" मी विचारलं.

"काईच नाई." त्यांनी रुमालाने मान पुसली. "निर्दोष सोडली त्यानं. सगळी खोलून पाह्यली. मी म्हनलं, तेलाले पेट्रोलचा वास काहून येते? तर मले म्हंते, साहेब, बीमारी गाडीले नाई. तुमी तिले भाजीबाजार अन् रेल्वे ठेसन याच्या पलीकडे नेत नाई. इंजिन पुरतं गरमच होत नाई. मंग पेट्रोल तेलात उतरते, काजळी बसते, दिवा लागते. टर्बो गाडी हाय, तिले लांब पल्ला पाह्यजे. एकदा हायवेवर मोकळी सोडा, सगळं साफ होईन."

"मग बरंच झालं की."

"काय बरं झालं, ताई?" ते जवळजवळ रागावले. "इलाज म्हनून नागपूरच लिहून देल्लं त्यानं."

मी पाणी दिलं. त्यांनी भांडं हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत.

"अडचण काय आहे, साहेब?"

"समजा, मी दारात उभा राह्यलो. तिनं दार उघडलं. पयलं वाक्य काय म्हनू?"

मी ते भरलेलं भांडं त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवलं.

"कचेरीत पयलं वाक्य ठरलेलं असते. उपरोक्त विषयास अनुसरून. मंग पुढचं येते आपोआप. आता घरात विषय वर लिहिलेलाच नसते, तर अनुसरू कशाले?" मग हळूच म्हणाले, "अन् तिनं दारच नाई उघडलं तर? वाट पाहनं बंद केलं म्हंते ना ते."

एवढ्यात लीलाबाई फाटकातून आल्या. त्यांनी आमच्यातलं किती ऐकलं कोण जाणे. मला म्हणाल्या, "ताई, उद्या सकाळी तुमी बी चाला. मागं बसा. तुमच्यासमोर यांले गाडी मागं फिरवता येनार नाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. आमच्या जिल्ह्यातलं मालेगाव मागे पडलं, नवा महामार्ग लागला, आणि टरबूज खरोखर सुटली. थरथर नाही, शिट्टी नाही, खडखड नाही. सही मागताक्षणी मिळू लागली. मला वाटलं नाझरसाहेब खूश होतील. पण जसजसं नागपूर जवळ येत होतं तसतसे ते गप्प होत गेले. एखाद्या माणसाला आयुष्यभर साथ देणारा वकील ऐन वेळी सोडून जावा, तसे ते त्या गुळगुळीत चालणाऱ्या इंजिनाचा आवाज ऐकत होते.

"काई वास येऊन राह्यला काय?" एकदा त्यांनी विचारलं.

"अनारशाचा येऊन राह्यला," लीलाबाई म्हणाल्या.

"थांबून पाहू काय जरा?"

"चाला."

वर्ध्याच्या आसपास पुन्हा, "डाव्या बाजूनं कायतरी वाजलं."

"ते मी होती. बांगड्या हायत."

पल्लवीचं पार्लर नागपुरातल्या एका साध्या गल्लीत आहे. खाली दुकान, वर घर. पाटीवर कंगवा धरलेलं एक हसरं कुत्रं काढलेलं होतं. नाझरसाहेबांनी दुकानासमोर गाडी उभी केली आणि ती पाटी वरून खालपर्यंत वाचली. दुकान उघडं होतं. आत ड्रायरचा आवाज येत होता. लीलाबाई डबे घेऊन उतरल्या, मी उतरले. नाझरसाहेब उतरले नाहीत. इंजिनही चालूच.

"आता काय?" लीलाबाईंनी विचारलं.

"टर्बो गरम हाय. लांबून आल्यावर एकदम बंद नाई करत. पंख्यातलं तेल जागेवर जळते. दोन मिनिटं चालू ठेवा लागते. ताईले विचार, पुस्तकात हाय."

लीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पुस्तकात होतं. मीच वाचून दाखवलं होतं. मी मान हलवली.

तेवढ्यात पल्लवी दारात आली. अंगावर निळा एप्रन, त्यावर पांढरे केस, हात कोपरापर्यंत ओले. तिने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग गाडीकडे. मला वाटलं ती आत निघून जाईल. मग तिने हात एप्रनला पुसले, गाडीला वळसा घातला, डावीकडचं दार उघडलं आणि आईच्या जागेवर जाऊन बसली. काच उघडी होती, म्हणून पुढचं आम्हाला ऐकू आलं.

"बंद काहून नाई करत?"

"गरम हाय."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं."

"बसते मंग."

नाझरसाहेबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. शाळेत पहिल्या बाकावर बसवलेल्या मुलासारखे ते सरळ बसले होते. "आतमंधी एक पंखा असते," ते समोर पाहत म्हणाले. "लई जोरात फिरते. दिसत नाई कोनाले. गाडी थांबली तरी तो फिरतच राह्यते. म्हनून त्याले..."

"काय?"

"त्याले वेळ द्या लागते."

तिच्या एप्रनवरचे केस आता त्या स्वच्छ आसनावर, त्यांच्या पॅन्टवर, सगळीकडे उडत होते. ज्या आसनावर लीलाबाईंना पुरी खायची परवानगी नव्हती, त्यावर. मग नाझरसाहेबांनी एक बटण दाबलं आणि काचा वर गेल्या.

लीलाबाई आणि मी जिना चढून वर गेलो. लीलाबाईंनी लेकीच्या स्वयंपाकघरात न विचारता साखर शोधली, आलं शोधलं, चौघांचा चहा टाकला. खिडकीतून खाली फक्त गाडीचं लाल छप्पर दिसत होतं आणि इंजिनाची घरघर येत होती. चहाला उकळी आली. घरघर चालूच.

"दोन मिनिटं झाले असतीन ना ताई?"

"झाली असतील."

"पेट्रोल जाळून राह्यले नुसतं," त्या म्हणाल्या, पण खिडकीपासून हलल्या नाहीत.

मग घरघर थांबली. गल्ली एकदम मोकळी झाल्यासारखी वाटली. आम्ही दोघी दार वाजायची वाट पाहत उभ्या राहिलो. एक दार, मग दुसरं दार, असा आवाज यायला हवा होता. आला नाही. इंजिन बंद होऊन बराच वेळ झाला तरी त्या गाडीतून कोणीच उतरलं नाही.

लीलाबाईंनी चार कप भरले. त्यातले दोन आमच्यासमोर ठेवले, आणि उरलेल्या दोन कपांवर बशा पालथ्या घालून त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.